विद्या आधी, भांडवल मागाहून

बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया १९९१ साली सोव्हिएत सत्तेतून मुक्त झाला. लोकसंख्या सुमारे १५ लाख. महागाईने लोक होरपळत होते. १९९२ साली त्याने रूबल सोडून क्रून हे स्वतःचे चलन आणले. पण नुसत्या चलनाने उद्योग उभे राहत नाहीत. राजधानी टालिनमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या सायबरनेटिक्स संस्थेने जाणकार माणसे घडविली होती. १९९६ साली ‘व्याघ्रझेप’ योजनेने शाळाशाळांतून संगणक पोहोचविण्याचे ठरले. २००३ साली निघालेल्या ‘स्काईप’ची आज्ञावली एस्टोनियन तरुणांनीच लिहिली. २००५ साली ती कंपनी विकली गेल्यावर त्यांच्यापैकी काहींनी पैसा व अनुभव नव्या उद्योगांत घातला. तेव्हा मुलाला शाळेतून काढून दुकानावर बसविण्यापूर्वी हा इतिहास आठवावा, ही विनंती.