फुलण्यापूर्वी तोडलेला बांबू

गडचिरोलीच्या जंगलातले मानवेल बांबूचे बेट वर्षानुवर्षे फुलत नाही. कोंब येतात, वाढतात, तोडले जातात आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीसारख्या ठिकाणी पोचतात. मग कित्येक दशकांनी मोठ्या पट्ट्यातला बांबू एकदम फुलतो, बी धरतो आणि मरून जातो. त्याआधीच तोडलेल्या बेटात फुलण्याची शक्ती होती का? होती म्हणावे, तर ती कोणाला दिसली नाही. नव्हती म्हणावे, तर त्याच बियाण्याचे शेजारचे बेट कशाच्या बळावर फुलले?

वस्तूंमध्ये शक्ती असते का, काय घडू शकते, काय घडणे अटळ आहे, हे विचारणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेत आपले स्वागत. ही शाखा आपल्याला परकी नाही. भारतीय दर्शनांतल्या वादातला जुना दाखला असा: विशिष्ट मणी जवळ असला की विस्तव जाळत नाही, विस्तव मात्र जसाच्या तसा असतो. म्हणून जाळण्याची शक्ती विस्तवाहून वेगळी मानावी, असे मीमांसकांचे, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या आचार्यांचे, म्हणणे. उदयनाचार्य आणि पुढे 14व्या शतकात गंगेश या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या आचार्यांनी, ते खोडून काढले. वेगळी शक्ती कशाला? प्रतिबंधक नसणे हेही एक कारण धरले की भागते.

मणी खरा की कल्पित, यावर अडू नये. सागाचे बी घ्या. कवच इतके टणक की ते लवकर रुजत नाही. म्हणून रोपवाटिकेत ते आलटूनपालटून भिजवतात आणि वाळवतात. त्याने बियात नवी शक्ती आली, की होती तीच मोकळी झाली? नैयायिक म्हणतील, प्रतिबंधक गेला, एवढेच. पण कितीही भिजवले तरी त्या बियातून मोह उगवत नाही. तिथे ‘ते सागाचे बी आहे’ हेच कारण सांगावे लागते, आणि मग सागाचे बी असणे यातच त्याला काय करता येते हे आले. मला इथे शक्तिवाद्यांची बाजू वरचढ वाटते.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1739 मध्ये उलट सांगितले: एकामागून एक घटना दिसतात, अटळपणा ही मनाची सवय. पाश्चात्त्य विचारावर या मताचा पगडा फार काळ राहिला. त्याविरुद्ध तत्त्वज्ञ अलेक्झांडर बर्डने 2007 च्या ग्रंथात, निसर्गाचे नियम गुणधर्मांच्या शक्तींतूनच निघतात, अशी मांडणी केली. ती खरी असेल, तर हेच गुणधर्म असलेल्या जगात ते नियम वेगळे असूच शकत नाहीत. इतका मोठा निष्कर्ष सहजासहजी मान्य करू नये.

संस्कृत येत असेल, तर न्यायदर्शनाच्या परिभाषेसाठी भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ हाताशी ठेवावा. येत नसेल, तरी वाचकाने थांबू नये. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यांनी या वादात जरूर उतरावे. बियाण्याची आणि जंगलाची त्यांच्याइतकी माहिती ग्रंथालयात बसणाऱ्या तत्त्वज्ञांना नसते.