रोजची येळवस



मार्गशीर्षातली अमावस्या आली, की लातूर-धाराशिव भागात आणि नांदेडच्या लगतच्या काही गावांत घरांना कुलपे लागतात आणि रानात माणसांची वर्दळ सुरू होते. ही आपली वेळा अमावस्या; बोलीत येळवस. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर असा बेत मांडला जातो. ओळखीचा असो, नसो, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायचे आणि त्याने ‘पुरे’ म्हटले तरी आणखी एक पळी वाढायची, ही तिथली रीत. त्या दिवशी पोटाला तडस लागेपर्यंत जेवणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. न जेवणाऱ्यालाच ठेवतात.

आज मला बोलायचे आहे ते या जेवणाविषयीच, पण जरा निराळ्या बाजूने. वर्षातून एकदा येणारी ही येळवस आता पुष्कळांच्या घरी रोज संध्याकाळी येते. गुरुजी शाळेतून दमून येतात, चहाबरोबर फरसाणाची पुडी सोडतात. दोन घास म्हणता म्हणता पुडी संपते, मग बिस्किटे, मग डब्यातला लाडू. भूक केव्हाच भागलेली असते, पण हात थांबत नाही. याला आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे: खा-खा सुटणे. मग काट्यावर उभे राहावे, वजन वाढलेले पाहावे, ‘सोमवारपासून सगळं बंद’ अशी शपथ घ्यावी आणि गुरुवारी ती मोडावी. घरचे म्हणतात, ‘यांचा निर्धारच नाही.’ हळूहळू माणूसही स्वतःला तेच म्हणू लागतो. या माणसाला दोष देण्यापूर्वी थोडा इतिहास पाहावा, अशी माझी विनंती आहे.

आपला मराठवाडा हा अवर्षणाचा मुलूख. दुर्गादेवीच्या दुष्काळाची कथा आपल्या लोकस्मृतीत आहेच. १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने दख्खन आणि गुजरात होरपळून निघाल्याच्या नोंदी आहेत. इतके मागे जायला नको. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आजही आपल्या घराघरांत आहेत. त्याआधीची दोन वर्षेही पावसाने दगा दिला होता. बायाबापड्या खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबंडिंगच्या कामावर गेल्या. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे अशा दुष्काळी कामांवर होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळे, आणि कामावर सुकडी वाटली जाई. त्या सुकडीची चव सांगताना म्हातारी माणसे अजून गप्प होतात.

अशा मुलखात घराला काही गोष्टी शिकाव्याच लागतात. धान्य कणगीत आणि पेवात राखायचे, पानात टाकायचे नाही, आणि पुढ्यात आले ते आजच खाऊन घ्यायचे. उद्याचा काय भरवसा? ‘पोटभर खा’ हा आपल्याकडे आईचा आशीर्वाद आहे. तो भित्रेपणाचा किंवा हावरटपणाचा नाही, अनुभवाचा आहे. शतकानुशतके हाच शहाणपणा होता.

उपाशी राहिलेल्या देहाचे काय होते, याची शास्त्रीय परीक्षा पुढे अमेरिकेत झाली. दुसरे महायुद्ध चालू होते. युरोपातल्या उपाशी जनतेला पुन्हा कसे जेवू घालावे, हे समजून घेण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने पुढे आले. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या निम्म्या आहारावर ठेवले. वजन सुमारे चौथाईने उतरले. पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. या तरुणांना दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरे काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तके वाचत, ताटल्या चाटून पुसून घेत, एकेक घास रेंगाळत चघळीत. पुढे मनसोक्त जेवण मिळू लागले, तेव्हा काहींचे पोट तुडुंब भरले तरी भूक भागेना. खाऊन खाऊन आजारी पडण्यापर्यंत मजल गेली, आणि ही खा-खा शमायला कित्येकांना महिने लागले.

मंडळी, या प्रयोगातला माणूस हावरट नव्हता. खा-खा ही उपासमारीची लेक आहे, एवढेच त्याने दाखवून दिले. देहाला दुष्काळाची चाहूल लागली, की तो सुगीची वाट पाहत बसतो आणि सुगी दिसताच तुटून पडतो. आता तो दुष्काळ आभाळाने आणला, की आपणच सोमवारच्या शपथेने आणला, हे देहाला कळत नाही. सकाळचे जेवण चुकवून, दुपारी नुसत्या काकडीवर राहून जो माणूस संध्याकाळी फरसाणाच्या पुडीसमोर बसतो, तो मिनेसोटाच्या तरुणांच्याच पंगतीला बसलेला असतो.

इकडे आपली पंगतही बदलली. ज्वारीच्या भाकरीच्या जागी रेशनचा गहू-तांदूळ आला, बैलगाडी आणि पायवाट जाऊन दुचाकी आली, चहात साखर वाढली आणि पाच-दहा रुपयांची पुडी प्रत्येक टपरीवर लटकू लागली. दुष्काळाची सवय अंगात तशीच राहिली, आणि दुकान मात्र बारा महिने उघडे. त्यातून आपला बांधाही थोडा निराळा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि आपल्या इंग्रज मित्राचा, डॉ. जॉन युडकिन यांचा, फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी मोजली, तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! म्हणजे आपल्यातला सडपातळ दिसणारा माणूसही आतून सुटलेला असू शकतो. म्हणूनच भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे तज्ज्ञ सांगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा प्रश्न नुसता शर्टाच्या गुंड्यांचा नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे उपास होतेच की! होते. पण ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हणही आपणच केली. उपासाच्या ताटातला बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, आणि ज्याच्या पिठापासून साबुदाणा होतो ते कंद, हे सारे मूळचे अमेरिका खंडांकडचे. गेल्या चार-पाचशे वर्षांत ते आपल्याकडे आले आणि धान्य नाही म्हणून उपासाला चालू लागले. साबुदाण्याचा धंदा तर विसाव्या शतकात तामिळनाडूतल्या सेलम भागात वाढला. व्रताचा हेतू संयमाचा. आपण त्याला खिचडी-वड्याची सुगी करून टाकली. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. त्यातला दुसरा अर्धा भाग आपण सहसा विसरतो.

आता लातूरकडे वळू. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जगन्नाथ दीक्षित हे प्राध्यापक होते. स्वतःचे वजन उतरत नाही म्हणून ते बेचैन होते. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार, ज्यांचे २००४ साली अपघाती निधन झाले, त्यांचे आहारावरचे एक व्याख्यान दीक्षितांच्या ऐकण्यात आले. दिवसातून कडकडीत भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे, मधे काही तोंडात टाकायचे नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, असा त्याचा सारांश. तीन महिन्यांत आपले आठ किलो वजन उतरले, असे ते स्वतः सांगतात. पुढे त्यांनी गावोगाव फुकट व्याख्याने दिली, आणि हजारो मराठी घरांत हा विषय जेवताना निघू लागला. २०१८-१९ च्या सुमारास राज्य शासनाच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेत त्यांना सदिच्छादूत नेमले, तेव्हा वादही पुष्कळ झाला. थोडे थोडे आणि वेळेवर खावे, असे सांगणारे आहारतज्ज्ञ दुसऱ्या बाजूला होते.

तो वाद आज मिटवायचा नाही. मला त्यातले दोन धागे मोलाचे वाटतात. एक, जेवणाला सुरुवात आणि शेवट असावा. दुसरा, एकट्याने झुरू नये. या लोकांनी आधी रक्त तपासून घेतले, दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजले, आणि मोबाइलवरच्या गटांत एकमेकांना धीर दिला. उत्साह आपोआप टिकत नसतो. तो मोजमापाने आणि सोबतीने टिकतो. मात्र ज्याला खा-खा सुटते, त्याला लांबलेला उपास मानवेलच असे नाही. या विकारावर उपचार करणारे तज्ज्ञ तीन वेळा नियमित जेवण आणि मधे ठरलेले थोडे खाणे सांगतात, म्हणजे देहाची दुष्काळाची भीती जाते. मधुमेहाची औषधे घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, वाढीची मुले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये.

सुरुवात आणि शेवट असलेले जेवण पाहायचे असेल, तर नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरात जाऊन बसावे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले आणि इथेच त्यांनी देह ठेवला. तिथे रोज लहानथोर एका ओळीत बसतात. अन्नाला तोटा नाही. पण माणूस बसतो, लागेल तेवढे घेतो, ताट स्वच्छ करतो आणि उठतो. फडताळाशी उभे राहून, दिवा न लावता खाणाऱ्याच्या जेवणाला हा शेवटच नसतो.

तेव्हा करायचे काय? जेवण चुकवू नका. ताट वाढून, खाली बसून, दुसरे काही न पाहता जेवा. अवेळी ओढ लागली, तर पाणी प्या, अंगणात किंवा रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे फेरी मारा आणि मनाला विचारा, ‘आत्ता भाकरी आणि पिठलं दिलं तर खाशील का?’ खाईन म्हणाले, तर ती भूक, जेवायला बसा. ‘नको, फरसाणच हवं’ म्हणाले, तर ती खा-खा; ती बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. मोठी पुडी घरात भरू नका. आणि एखाद्या दिवशी पाय घसरलाच, तर दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताचा उपास मुळीच करू नका. पुढचे जेवण वेळेवर घ्या. त्या एका जेवणाने खा-खाची साखळी तुटते.

गुरुजनांना आणखी एक सांगायचे आहे. वर्गातल्या जाड मुलाला ‘लठ्ठ्या’ म्हणू नका, म्हणू देऊ नका. लाजेने खाणे थांबत नाही. ते फक्त लपते. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ सालीच अशा अनावर खाण्याचे वर्णन केले होते, आणि २०१३ साली तिथल्या वैद्यकाने त्याला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. तीन महिने, आठवड्यातून एकदा तरी ताबा सुटून खाल्ले जात असेल आणि नंतर स्वतःची घृणा वाटत असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फुकट दूरध्वनी सेवाही आहे; क्रमांक १४४१६.

येळवस बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. त्या दिवशी रानात जा, भज्जी-आंबील पोटभर खा, पाहुण्याला आग्रह करा. वर्षभर राबणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीच्या वेळी, नेहमीची भाकरी ताटात असू द्या. दुष्काळ सोसलेल्या आपल्या या देहाला रोज थोडे थोडे पटवून द्यायचे आहे, की बाबा रे, उद्याही जेवायला मिळणार आहे. आज घाई नको.