राष्ट्राचा पोशाख, परक्याची शिवण



इ. स. २०१२ च्या जुलै महिन्यांत, लंडन येथील ऑलिंपिक सामने सुरू होण्यास जेमतेम पंधरा दिवस उरले असतां, अमेरिकेंत एक विलक्षण वाद उपस्थित झाला. उद्घाटनाच्या संचलनांत तेथील खेळाडूंनीं घालावयाचा पोशाख राल्फ लॉरेन या नामांकित अमेरिकन पेढीनें तयार करविला होता. गडद निळा डगला, त्याखालीं पांढरीं वस्त्रें आणि डोक्यावर बेरे जातीची टोपी, असा त्याचा थाट. टोपी फ्रेंच वळणाची म्हणून थोडी थट्टा झाली, ती झाली. परंतु हे कपडे चीनमध्यें शिवलेले आहेत असें ए. बी. सी. या वृत्तसंस्थेनें प्रसिद्ध करतांच थट्टेची जागा संतापानें घेतली. सिनेटमधील बहुसंख्य पक्षाचे पुढारी हॅरी रीड यांनीं तर हे सगळे कपडे एके ठिकाणीं रचून जाळून टाकावे आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा, असें उघड सांगितलें. प्रतिनिधिगृहाचे सभापति जॉन बेनर हे विरुद्ध पक्षाचे. पण या एका बाबतींत त्यांचाहि सूर निराळा नव्हता.

कपड्यांचा ढीग आणि अग्नि हे शब्द एकत्र ऐकल्यावर महाराष्ट्रीय मनाला १९०५ सालच्या पुण्याची, नाहींतर १९२१ सालीं ३१ जुलैला मुंबईस परळ येथें पेटलेल्या होळीची आठवण व्हावी, हें स्वाभाविक आहे. परंतु साम्य फार दूर जात नाहीं. ज्या सत्तेच्या छायेंत मँचेस्टरच्या मालानें आपले माग बंद पाडले, त्या सत्तेविरुद्ध आपली होळी होती. अमेरिकेवर चीनचें राज्य नव्हतें. तिकडचीं शिवणयंत्रें समुद्रापार गेलीं, तीं अमेरिकन व्यापाऱ्यांनींच नेलीं. मग हा राग नेमका कोणावर होता? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर त्या राष्ट्राच्या जन्मकाळापर्यंत मागें जावें लागतें.

वस्त्राचें राजकारण अमेरिकेला नवें नाहीं. १७६७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कांच, कागद, रंग, शिसें व चहा यांवर जकात बसविली, तेव्हां वसाहतींतील लोकांनीं विलायती माल न घेण्याचे करार केले. घरोघर चरखे फिरूं लागले. गांवच्या स्त्रिया एकत्र जमून दिवसभर सूत काढीत आणि त्या सुताचा हिशेब वर्तमानपत्रांत छापून येई. हार्वर्ड कॉलेजच्या १७६८ च्या विद्यार्थ्यांनीं देशी कापड अंगावर घालूनच पदवी घेण्याचा निश्चय केला. पुढच्याच वर्षीं ऱ्होड आयलंड कॉलेजच्या पहिल्या पदवीदान समारंभांतहि तेंच दृश्य दिसलें. आपल्याकडे सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीचा पोशाख करून गेले, त्याच्या शंभर वर्षें आधींची ही गोष्ट आहे. मीं शाळेंत अनेक वर्षें इतिहास शिकविला. बोस्टनचा चहा प्रत्येक मुलाच्या तोंडीं असे, पण या चरख्यांचें नांव आमच्या पाठ्यपुस्तकांत कधींच आलें नाहीं.

आतां याच्या पुढची गोष्ट ऐका. प्रत्यक्ष युद्ध सुरू झालें, आणि या चरख्यांनीं सैन्य झांकलें जात नाहीं असें आढळून आलें. १७७७-७८ च्या हिंवाळ्यांत व्हॅली फोर्जच्या छावणींत वॉशिंग्टनचे शिपाई अक्षरशः उघडे पडले होते. कित्येकांच्या पायांत जोडा नव्हता, कित्येकांना अंगावर धड कपडा नसल्यामुळें पहाऱ्यावर उभें करतां येत नव्हतें. तेव्हां डगले आले ते फ्रान्सहून. १७७८ सालीं फ्रान्समध्यें शिवलेले हजारों तयार डगले अमेरिकन बंदरांत उतरले. कांहीं निळे, कांहीं तपकिरी, आणि दोहोंना तांबड्या रंगाची पलटी. निळा रंग सर्वांनाच हवा होता! राज्याराज्यांत तंटा नको म्हणून शेवटीं चिठ्ठ्या टाकण्यांत आल्या. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड वगैरेंच्या पलटणींना निळे डगले मिळाले. व्हर्जिनिया व मॅसॅच्युसेट्स यांसारख्यांना तपकिरी अंगरख्यांवर समाधान मानावें लागलें. स्वातंत्र्यासाठीं लढणाऱ्या राष्ट्रीय सेनेचा गणवेष परदेशीं शिवलेला होता. तो जाळा, असें म्हणण्याइतकी ऊब त्या वेळीं कोणाच्याच अंगांत नव्हती.

अनुभव कडू होता, आणि वॉशिंग्टन तो विसरला नाहीं. तरुणपणीं हाच गृहस्थ आपले कपडे लंडनच्या व्यापाऱ्याकडून मागवीत असे. तोच १७८९ च्या जानेवारींत हार्टफर्ड येथील लोंकरीच्या नव्या कारखान्याची जाहिरात पाहून आपला स्नेही हेन्री नॉक्स यास तेथलें कापड धाडण्याविषयीं लिहितो. ३० एप्रिल १७८९ रोजीं न्यू यॉर्क शहरीं पहिला अध्यक्ष म्हणून त्यानें शपथ घेतली, ती याच तपकिरी देशी कापडाचा पोशाख करून. डगल्याच्या गुंड्यांवर गरुडाचें चिन्ह होतें. या प्रसंगाचें वर्णन तिकडचे ग्रंथकार मोठ्या अभिमानानें करतात. पण तो हार्टफर्डचा कारखाना दहा वर्षेंहि तग धरूं शकला नाहीं, हें त्याच पानावर क्वचितच सांगतात. अध्यक्षानें एक पोशाख केल्यानें गिरणी चालत नाहीं. तिला रोजचें गिऱ्हाईक लागतें. अलेक्झांडर हॅमिल्टन यानें १७९१ सालीं उद्योगधंद्यांविषयीं काँग्रेसला जो अहवाल सादर केला, त्यांत जकात व सरकारी साहाय्य यांचा पुरस्कार आहे, तो याच कारणास्तव.

मधला काळ थोडक्यांत सांगतों. जकातीच्या आश्रयानें अमेरिकन कापडधंदा वाढला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील माणसाच्या अंगावरचे बहुतेक कपडे तेथेंच शिवले जात. १९४१ सालीं काँग्रेसनें सैनिकांचे कपडे स्वदेशींच तयार झाले पाहिजेत असा निर्बंध घातला. पुढें तो बेरी यांच्या नांवानें ओळखला जाऊं लागला आणि टिकून राहिला. सामान्य नागरिकाच्या सदऱ्याला मात्र असा रक्षक नव्हता. १९९४ सालीं मेक्सिकोबरोबरचा व्यापार खुला झाला. २००० सालीं काँग्रेसनेंच चीनशीं कायमचे व्यापारसंबंध मंजूर केले. २००१ च्या डिसेंबरांत चीन जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला. आणि २००४ च्या अखेरीस कापडाच्या आयातीवरील ठराविक वांट्याची जुनी पद्धतिहि संपली. याचा परिणाम असा कीं, २०१२ सालीं अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या कपड्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक बाहेरून येत होते. ज्या सभागृहांतून हे दरवाजे उघडले गेले, तेथेंच बारा वर्षांनीं एका डगल्याबद्दल आक्रोश व्हावा, हें मला कांहींसें सोयीचें रडणें वाटतें. खेळाडूंचे कपडे ते किती? कांहीं शें. बंद पडलेल्या शिवणशाळांतील कामकऱ्यांची संख्या मात्र लाखांच्या घरांत जाते, आणि त्यांच्यासाठीं ढीग रचण्याची भाषा कोणी केली नव्हती.

तथापि, म्हणून तो राग खोटा होता असें मला म्हणवत नाहीं. ऑलिंपिक समितीचें म्हणणें असें होतें कीं, आमचा संघ सरकारी पैशावर चालत नसून खासगी देणग्यांवर चालतो, आणि देणगीदार पेढी ही अमेरिकनच आहे. कायद्याच्या दृष्टीनें हें उत्तर बिनतोड होतें. शिवाय २००२ सालीं, प्रत्यक्ष अमेरिकेंतच सॉल्ट लेक सिटी येथें सामने भरले असतां, संघाचा पोशाख रूट्स या कॅनेडियन पेढीचा होता, आणि तिची निळी बेरे लोकांनीं रांगा लावून विकत घेतली होती. मग दहाच वर्षांत एवढा फरक कां पडला? मध्यंतरीं २००८ ची आर्थिक मंदी येऊन गेली होती. घरांत बेकार भाऊ बसला असतां दूरचित्रवाणीवर दिसणारा निळा डगला डोळ्यांत खुपतो. दोन वेळची भ्रांत नसतांना तो खुपत नाहीं.

लंडनच्या संचलनांत अखेर तेच चिनी शिवणीचे कपडे मिरवले गेले. बदलण्यास वेळच नव्हता. कांहीं सिनेटरांनीं असा पोशाख स्वदेशींच शिवला जावा म्हणून विधेयक आणलें, पण त्याचा कायदा झाला नाहीं. त्याची गरजहि पडली नाहीं, कारण पेढीनें पुढच्या खेपेस सर्व काम अमेरिकेंतच करण्याचें वचन दिलें आणि तें पाळलें. २०१४ सालीं रशियांतील सोची येथील हिंवाळी सामन्यांसाठीं लोंकर आली ऑरेगन राज्यांतील शॅनिको गांवानजीकच्या एका जुन्या मेंढवाड्यांतून. तिचें सूत पेनसिल्व्हेनियांत कांतलें गेलें. आणि उद्घाटनाचे स्वेटर कॅलिफोर्नियांतील एका घरगुती कारखान्यांत विणले गेले. त्यांच्या भडक रंगांची पुन्हां थट्टा झालीच. दुकानांत तसा एक स्वेटर ५९५ डॉलरांस मिळत असे, आणि इतक्या किंमतीलाहि ते हां हां म्हणतां संपले.