उपवास जुना, ताट नवं

आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो आणि घरातले उपवास वाढतात. श्रावणी सोमवार, हरतालिका, पुढं नवरात्र. नेमकी तेव्हाच रानात खुरपणी जोरात असते. दुपार झाली की डोकं जड होतं, हातपाय गळतात. "उपवास आहे, चालायचंच," असं म्हणून आपण कामाला लागतो. आज आम्ही उपवासाचा थोडा इतिहास सांगणार आहोत, कारण या थकव्यावरची वाट त्यातच सापडते.

तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचं राज्य होतं. त्यांच्या दरबारातला हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, यानं 'चतुर्वर्गचिंतामणि' हा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातला एक अख्खा भाग व्रतांचा आहे. विसाव्या शतकात पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना व्रतांची सगळी जुनी वचनं तपासून मांडली. काणे यांना 1963 साली भारतरत्न मिळालं.

जुन्या ग्रंथांत उपवासाचे प्रकार आहेत. दिवसा एकदाच जेवणं म्हणजे एकभुक्त. दिवसभर राहून रात्री जेवणं म्हणजे नक्त. आपण श्रावणी सोमवार संध्याकाळी सोडतो, तो याच जातीचा. आज शहरात 'इंटरमिटंट फास्टिंग' म्हणतात तेही ठरावीक तास न खाता राहणंच. जैन बायका सूर्यास्तानंतर खात नाहीत, मुस्लिम भगिनी रमजानमध्ये रोजे धरतात. वेळ बांधून खाणं आपल्या गावात कुणालाच नवं नाही.

पण याच ग्रंथांनी सवलतीही दिल्या आहेत, आणि त्या आपल्यापर्यंत पोचल्याच नाहीत. पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं वचन आहे. गरोदर, बाळंतीण किंवा आजारी बाईला दुसऱ्याकडून व्रत करवून घेण्याची सोय आहे. मग उपवास म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवायची, पाण्याचा घोट टाळायचा, हे कशासाठी?

आता ताटाकडं बघू. वरी, शिंगाडा, सुरण, दूध हे आपल्याकडचं जुनं. पण बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस 1492 मध्ये तिकडं पोचला, पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, आणि पुढच्या काळात ही पिकं समुद्रमार्गे आपल्याकडं आली. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांचा. राजगिराही मूळचा तिकडचाच. साबुदाणा पूर्वी पूर्वेकडच्या बेटांवरच्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून करत. आज आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा, आणि तो मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या भागात तयार होतो. टॅपिओकाही अमेरिकेतलाच. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि मिरची, चारही पाहुणे!

हे ताट पूर्वी बदललं, तसं आपणही ते बदलू शकतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा पिठूळपणा. त्यात प्रथिनं आणि लोह नावाला. तो खाल्ला की साखर झपकन चढते, थोडा वेळ तरतरी येते आणि मग अंग ढिलं पडतं. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा शरीराला नुसत्या साबुदाण्यावर आणि चहावर रानात राबवणं परवडत नाही.

म्हणून साबुदाणा निम्मा करा. जोडीला राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, वरीचा भात आणि दाण्याची आमटी, वाटीभर दही घ्या. पाणी दर तासाला प्या; उन्हात काम असेल तर चिमूटभर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी घ्या. चहा कमी करा. जड काम सकाळी उरका. उपवास सोडताना आधी थोडं खा, मग सावकाश जेवा. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' केलं तर दुसऱ्या दिवशीही सुस्ती जात नाही.

कुणी रोजच दोन वेळा जेवायचं ठरवलं, तर पहिले काही दिवस डोकेदुखी, चिडचिड, थकवा येऊ शकतो. म्हणून एकदम बदल करू नका. रात्रीचं जेवण थोडं थोडं लवकर घेत जा, अंगाला सवय होऊ द्या.

मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको. थरथर, घाम, अंधारी आली की लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका. तेव्हा उपवास बघत बसू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, रक्त फार कमी असलेल्यांनीही उपाशी राहू नये.

येत्या बचत गटाच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटात उपवासाला पाणी आणि गोळी कोण कोण टाळतं, ते एकमेकींना विचारा. घरात सासूबाईंनी किंवा आईनं हरकत घेतली, तर त्यांना या जुन्या वचनांबद्दल सांगा. देवाधर्माचं मानणाऱ्या बाईला डॉक्टरच्या सल्ल्याआधी हेच पटेल.