औंधची जमीन, बेळगावची सायकल आणि लोखंडी नांगर

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून आपण बिंदुमाधवाच्या दर्शनाला जातो. हे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवले, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. पण ह्याच औंध संस्थानाच्या माळरानावर पुढे महाराष्ट्रातला एक आद्य यंत्रकारखाना उभा राहिला, हे तितकेसे बोलले जात नाही. आपल्या मंडळात रेल्वेच्या कारखान्यातले बरेच जण आहेत, म्हणून यंदा हा विषय घेतला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईस जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात आल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीत डावलले गेले तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचे दुकान चालत होते. त्या काळी सायकल विकायची म्हणजे ती चालवायलाही शिकवावी लागे! माल विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला विद्या द्यायची, ही रीत त्यांच्या अंगी इथेच मुरली असावी असे मला वाटते.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. नमुना होता विलायतेच्या रॅन्सम कंपनीचा. रॉबर्ट रॅन्समने 1803 साली फाळाचे पेटंट घेतले होते. ओतताना फाळाची खालची बाजू थंड साच्याला लागून चटकन गार होते व कठीण बनते, वरची बाजू मऊ राहते. त्यामुळे जमिनीत चालता चालता धार आपोआप टिकते. फौंड्रीत काम केलेल्याला ह्यातली मेख लगेच कळेल. पेटंटचा कागद कोणीही वाचू शकतो, पण कोणते कच्चे लोखंड, किती तापवायचे, साचा कसा ठेवायचा हे भट्टीपाशी उभे राहूनच उमगते.

नांगर तयार झाले, पण घ्यायला कोणी नाही. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. त्यातच बेळगाव नगरपालिकेने वाढत्या वस्तीसाठी जागा मागितली आणि कारखाना उठवावा लागला. अशा वेळी औंधच्या देवळाच्या मंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. त्या ओळखीतून औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर ओसाड जमीन दिली, कर्जही दिले. मार्च 1910 मध्ये मंडळी तिथे आली. निवडुंग आणि साप, एवढेच काय ते तिथे होते. पण स्टेशन होते! पुणे-मिरज ह्या मीटरगेज मार्गावर वॅगन लागली की कोळसा-लोखंड आत येई आणि नांगर बाहेर जाई. पुढे स्टेशनचेच नाव किर्लोस्करवाडी झाले.

माणसे कशी जमवली तेही पाहण्यासारखे आहे. शंभूअण्णा जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर. ह्यांतले कोणी मोठ्या पदवीचे नव्हते. फळणीकर तर शाळेत यथातथाच, पण कारखान्यात त्यांची कल्पकता फुलली. आम्हा डिप्लोमावाल्यांना हे वाचून अंमळ बरे वाटते, हे कबूल करतो. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे शिक्षा भोगून आलेले दोघे तिथे विश्वासू राखणदार झाले.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या असे सांगतात. एक संस्थानिक जमीन देतो, दुसरा धातू देतो. बँकेच्या दारात हे घडले नसते.

माझ्या मते खरी करामत मात्र 1920 सालची. त्या वर्षी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी स्थापन झाली आणि 'किर्लोस्कर खबर' हे मासिकही निघाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर. सुरुवातीला ते कारखान्याचे बातमीपत्रच होते, पुढे महाराष्ट्रातले गाजलेले मासिक झाले. एजंट आणि शेतकरी यांच्याशी दरमहा गाठ पडण्याची ती सोय होती. नांगर विकला म्हणजे नाते संपले असे नाही.

आता आपल्या बनारसकडे पाहा. मदनपुरा, अलईपुरा इथले विणकर हातातल्या कसबात कोणाला हार जाणारे नाहीत. पण साडी गिरस्त्याकडून गद्दीवर जाते आणि तिथून देशभर. नेसणारीला काय आवडले, काय खटकले हे विणकराच्या कानापर्यंत क्वचितच येते. बातमी गद्दीवर अडते, नफाही तिथेच अडतो. जाळे इथेही आहे, जुने आणि घट्ट आहे, पण त्यातून माल एका दिशेने वाहतो आणि ज्ञान उलट दिशेने येत नाही. त्यामुळे जाळे असले की उद्योग सुधारतो असे सरसकट म्हणता येणार नाही.

उलट उदाहरण तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचे. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, लोकमान्य टिळकांचा पाठिंबा, घरटी एकेक पैसा जमवून 1908 साली कारखाना सुरू झाला. तिथे काचविद्या शिकवायला होते ईश्वरदास वार्ष्णेय, आपल्या ह्या उत्तर प्रदेशातले, जपान-अमेरिकेत शिकून आलेले. पुढे त्यांनी इकडे बहजोईला काचकारखाना काढला. औंधच्याच हद्दीत कऱ्हाडजवळ 1916 साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला, 'प्रभाकर' कंदिलाचा. तिथेही ओगलेवाडी झालीच.

आणि आपला कारखाना? 1961 साली डीएलडब्ल्यू स्थापन झाले, अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून ड्रॉइंगे आली आणि जानेवारी 1964 मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले. 1969 साली अल्कोने इंजिने बनवणेच थांबवले, तरी बनारसमध्ये ती पुढे कित्येक वर्षे बनत राहिली, सुधारतही गेली. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेली असते, ती कशी साधायची हे लिहिलेले नसते. ते आमच्या फिटरांनी, शेड्समधून येणाऱ्या तक्रारींनी आणि बाहेरच्या लहान पुरवठादारांनी मिळून शोधले. एका पुरवठादाराकडे नमुना घेऊन तीन-तीनदा जायचे, त्याच्या लेथपाशी बसून चहा प्यायचा, हे कामच होते. आता निविदा संगणकावर उघडते, सर्वांत कमी दर निवडला जातो. त्यात पारदर्शकता आली हे चांगलेच, पण लेथपाशी बसणे गेले.

2020 पासून कारखान्याचे नाव बनारस रेल इंजन कारखाना आहे आणि काम विजेच्या इंजिनांचे आहे. अल्कोचे 251 इंजिन कानाने ओळखणारे जे थोडे लोक उरले आहेत, तेही लवकरच निवृत्त होतील. त्यांच्या वह्या कोणाकडे असतील तर आरतीनंतर जरूर सांगावे, मी स्वतः उतरवून घेईन.