जुन्या जीपची अर्थ केबल वाचताना

अहेरी-सिरोंच्याकडची जुनी जीप अभ्यासताय? आधी बॉनेट उघडा. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप 6 व्होल्टची. तेवढ्याच ताकदीला 12 व्होल्टपेक्षा दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाडजूड. पण जाड केबल दिसली की लगेच ‘मूळची’ लिहू नका. नंतर कुणी मुद्दाम घातलेली असू शकते. स्टार्टरवरचा व्होल्टचा आकडा ताडून बघा. पुष्कळदा पॉझिटिव्ह नवी टाकतात, अर्थ गंजकी तशीच ठेवतात. करंट परततो तिच्यातूनच, मग स्टार्टर रडतो! मालकाचं बरोबर आहे, ती बदलायलाच हवी. तुम्ही फक्त भंगारात जाण्याआधी फोटो घ्या, जाडी मोजा. आणि हो, गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982चा. गाडीचे त्याआधीचे कागद चंद्रपूरच्या नावानं शोधा.