सराव खोटा, वॉर्ड खरा

२८ एप्रिल २०२१. रमजानचे दिवस. पहाटे पावणेचारच्या सुमारास मुंब्र्याच्या प्राइम क्रिटिकेअर रुग्णालयाला आग लागली. रुग्णांना बाहेर काढून दुसऱ्या रुग्णालयांत हलवताना चौघांचा मृत्यू झाला. मी दिव्यात राहतो, मुंब्रा आमच्या लगतचं स्टेशन. अत्यवस्थ माणसाला यंत्रांवरून काढून जिन्याने खाली नेणं किती अवघड असतं, हे त्या पहाटे आमच्या भागाला कळलं. हे काम ऐनवेळी शिकता येत नाही.

त्या वर्षी महाराष्ट्राने अशा बातम्या वारंवार वाचल्या. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षातली १० बाळं गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली आणि किमान २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. अशा प्रत्येक घटनेनंतर फायर ऑडिट आणि मॉक ड्रिलची मागणी होते. मागणी रास्तच आहे. पण रुग्ण असलेल्या वॉर्डात सराव करण्याचेही धोके असतात आणि त्यांचाही इतिहास आहे.

१९६० साली नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या आसमुंड लेर्डाल यांनी श्वास देण्याच्या सरावासाठी बाहुली तयार केली. शिकाऊ हात जिवंत माणसावर चालवायला नकोत, हा त्यामागचा साधा विचार. पुढे लक्षात आलं की वर्गातला सराव अपुरा पडतो. वर्गात लिफ्ट बंद नसते, ऑक्सिजनची चावी कुठे आहे ते शोधावं लागत नाही. म्हणून बाहुली थेट वॉर्डात आली. त्यामुळे रुग्णालयांना आपले खरे दोष दिसू लागले, पण खोटं आणि खरं एकाच खोलीत आलं.

खोट्या-खऱ्याच्या सरमिसळीचा धोका २०१४ मध्ये अमेरिकेत दिसला. केवळ सरावासाठी बनवलेलं, निर्जंतुक नसलेलं सलाइन खऱ्या दवाखान्यांत पोहोचलं आणि ४० हून अधिक रुग्णांना चढवलं गेलं. अनेकांना थंडी-ताप भरला. पिशवी दिसायला हुबेहूब खरी होती, तिथेच घात झाला.

आपल्याकडे २०२१ च्या जूनमध्ये आग्र्याच्या एका खासगी रुग्णालयाच्या संचालकाची चित्रफीत पसरली. ऑक्सिजनच्या टंचाईत पाच मिनिटं पुरवठा थांबवून ‘मॉक ड्रिल’ केल्याचं तो त्यात सांगत होता. त्यामुळे मृत्यू झाल्याचा पुरावा नाही, असं सरकारी चौकशीने म्हटलं. तरी ते शब्द ऐकून नातेवाइकांच्या काळजाचं काय झालं असेल!

दिव्यातला गरीब माणूस गंभीर आजारी पडला की कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे धाव घेतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा रुग्णांच्या प्रचंड गर्दीची चर्चा झाली. अशा भरलेल्या वॉर्डातून दोन परिचारिका सरावाला घेतल्या, तर तेवढा वेळ खाटेवरच्या माणसाकडे पाहणार कोण? सरावात वापरलेलं इंजेक्शन ट्रॉलीत पुन्हा भरायचं राहिलं, तर रात्रीच्या खऱ्या रुग्णाला काय देणार?

म्हणून सराव बंद करा, असं मी म्हणणार नाही. तो न करण्याची किंमत आपण मोजलेली आहे. पण त्याला शिस्त हवी. सरावाच्या प्रत्येक वस्तूवर ठळक मराठीत ‘रुग्णासाठी नाही’ असं लिहिलेलं असावं. वस्तू मोजून आणाव्यात, मोजून परत न्याव्यात. रुग्णांचा ऑक्सिजन आणि त्यांची यंत्रं यांना हात लावू नये. वॉर्डातल्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आधी सांगावं. वॉर्ड भरलेला असेल तर सराव पुढे ढकलावा आणि सुरू झालेला सराव ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठ परिचारिकेलाही असावा.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. पुढच्या वेळी तुमच्या भागातल्या रुग्णालयात मॉक ड्रिल झाल्याचे फोटो आले, तर नगरसेवकाला एवढंच विचारा: त्या अर्ध्या तासात खऱ्या रुग्णांजवळ कोण होतं?